पेशीसंवर्धन, कर्करोग-संशोधन आणि मेंदूसदृश इलेक्ट्रॉनिक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्याने दाखल झालेले विद्यार्थी, भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्समधून पेशींच्या कामाकडे वळलेले संशोधक आणि एखादी बातमी वाचून कुतूहल वाटलेले वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथील प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेशीसंवर्धन म्हणजे नेमके काय? शरीराबाहेर काढलेल्या पेशी जिवंत कशा राहतात?

प्राण्याच्या किंवा माणसाच्या ऊतकातून पेशी वेगळ्या करून त्या काचेच्या वा प्लॅस्टिकच्या भांड्यात वाढवणे म्हणजे पेशीसंवर्धन. अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतकाचा तुकडा लसिकेच्या लोंबत्या थेंबात ठेवला आणि त्यातून चेतातंतू वाढताना पाहिला, तेव्हापासून या तंत्राचा इतिहास मोजला जातो. ज्या तंत्रावर आज कर्करोगाचे एवढे संशोधन उभे आहे, त्याचा हा आरंभीचा प्रयोग चेतापेशींवर झाला होता.

सस्तन प्राण्यांच्या पेशींना ३७ अंश सेल्सियस तापमान, दमट हवा आणि पोषक माध्यम लागते. माध्यमात ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि क्षार असतात, आणि त्यात बहुधा १० टक्के गोभ्रूण-रक्तद्रव मिसळतात, कारण वाढीला चालना देणारी अनेक प्रथिने त्यातून मिळतात. बहुतेक पेशी तळाला चिकटून वाढतात. तळाचा ७० ते ८० टक्के भाग व्यापला गेला की ट्रिप्सिनच्या साहाय्याने त्या सोडवून नव्या भांड्यांत वाटून देतात. यालाच पॅसेज म्हणतात. दीर्घकाळ साठवण्यासाठी पेशी सुमारे १० टक्के डायमिथिल सल्फॉक्साइड असलेल्या माध्यमात घेऊन मिनिटाला साधारण एक अंश या संथ गतीने गोठवतात आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. वितळवताना मात्र घाई करायची असते. संथ वितळण्यात पेशी मरतात.

२. माध्यमाचा लाल रंग पिवळा किंवा जांभळट गुलाबी का होतो?

हा रंग फिनॉल रेड या दर्शकाचा असतो. पेशींनी लॅक्टिक आम्ल सोडले किंवा जिवाणूंचा संसर्ग झाला की माध्यम आम्लधर्मी होऊन पिवळे पडते. उलट, भांडे इन्क्युबेटरबाहेर राहिले तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचा समतोल बिघडतो आणि माध्यम अल्कधर्मी होऊन जांभळट गुलाबी दिसते. इन्क्युबेटरमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवतात तो हा समतोल, म्हणजे सुमारे ७.४ पीएच, टिकवण्यासाठी. पेशींना श्वसनासाठी तो लागतो हा समज चुकीचा आहे. विद्युत-मोजणीच्या वेळी याच गोष्टीचा कसा त्रास होतो ते प्रश्न १३ मध्ये पाहावे.

३. संशोधनासाठी कर्करोगाच्याच पेशी एवढ्या का वापरतात? निरोगी पेशी का नाहीत?

निरोगी पेशी ठरावीक वेळाच विभागतात. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले की माणसाच्या सामान्य पेशी साधारण ४० ते ६० विभाजनांनंतर थांबतात. प्रत्येक विभाजनाबरोबर गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, आखूड होत जातात हे त्यामागचे मुख्य कारण आहे. बहुतेक कर्कपेशी टेलोमरेज हे विकर पुन्हा सुरू करून ही मर्यादा ओलांडतात आणि म्हणून पिढ्यानपिढ्या वाढवता येतात. (टेलोमरेजच्या कामासाठी ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल मिळाले.)

अशा अमर झालेल्या पेशीसमूहाला सेल लाइन म्हणतात. जगभरच्या प्रयोगशाळांना एकाच प्रकारच्या पेशी मिळतात हा तिचा मोठा फायदा. पण जी पेशी वर्षानुवर्षे प्लॅस्टिकवर वाढली ती मूळ अर्बुदासारखी (कर्करोगाच्या गाठीसारखी) राहत नाही, हे विसरले की निष्कर्ष फसतात. ही मर्यादा काही अंशी दूर करण्यासाठी अलीकडे रुग्णाच्या ऊतकापासून त्रिमितीय ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवाच्या सूक्ष्म प्रतिकृती, वाढवले जातात. हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये आतड्याच्या मूलपेशींपासून ते वाढवून दाखवल्यावर या पद्धतीला वेग आला.

४. हीला पेशी कोणाच्या आहेत? त्या घेताना परवानगी घेतली होती का?

हेन्रिएटा लॅक्स या आफ्रिकन-अमेरिकन महिलेच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातील त्या पेशी आहेत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ मध्ये त्यांच्यावर उपचार सुरू असताना नमुना घेतला गेला, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत तो वाढला, आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. संशोधनासाठी त्यांची परवानगी घेतली नव्हती आणि कुटुंबालाही अनेक वर्षे काही माहीत नव्हते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कुटुंबाशी समझोता केला, त्यानुसार हीलाच्या संपूर्ण जनुकीय माहितीचा वापर नियंत्रित पद्धतीने होतो.

या पेशींमध्ये एचपीव्ही-१८ या विषाणूचा डीएनए आहे. विषाणूचे ई-६ प्रथिन पेशीतील पी-५३ हे रक्षक प्रथिन नष्ट करते आणि ई-७ प्रथिन आरबी प्रथिनाला निष्प्रभ करते. म्हणजे हीलामध्ये पी-५३ चे जनुक शाबूत असूनही त्याचे काम होत नाही. या विषाणूंचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझन यांना २००८ चे नोबेल मिळाले. ज्या पेशींच्या आधारे आपण पदव्या मिळवतो, त्या एका व्यक्तीच्या होत्या हे प्रबंधात तिच्या नावानिशी नोंदवणे उचित आहे.

५. कर्कपेशी हाताळल्याने आपल्याला कर्करोग होऊ शकतो का?

सामान्यतः नाही. परक्या व्यक्तीच्या पेशी शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखून नष्ट करते. अपवाद अत्यंत दुर्मीळ आहेत. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी असलेली सुई टोचल्याने प्रयोगशाळेतील एका तरुण कर्मचाऱ्याच्या हातात गाठ वाढल्याचा वृत्तांत १९८६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. म्हणून तीक्ष्ण वस्तू टाळाव्यात, आणि स्वतःच्या शरीरातील पेशी स्वतः कधीही वाढवू नयेत, कारण त्यांत बदल झाला तर आपली प्रतिकारयंत्रणा त्यांना परक्या मानणार नाही. खरा रोजचा धोका मानवी पेशींत दडलेल्या विषाणूंचा आहे; त्यासाठी जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीचे नियम आणि दुसऱ्या वर्गाचे जैवसुरक्षा-कपाट लागते. आडव्या प्रवाहाचे लॅमिनार हूड या कामाला चालत नाही, कारण त्यातील हवा नमुन्यावरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते.

६. हळदीच्या किंवा एखाद्या वनस्पतीच्या अर्काने डिशमधल्या कर्कपेशी मरतात, मग त्याचे औषध का होत नाही?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि त्याचे उत्तर मनापासून, सविस्तर द्यायला हवे, कारण महाविद्यालयीन प्रकल्पांत असे प्रयोग फार होतात आणि त्यांच्या बातम्या रुग्णांच्या घरी पोहोचतात.

पहिली गोष्ट म्हणजे डिशमध्ये पेशी मारणे अवघड नसते. पुरेशा प्रमाणात घातलेले मीठ किंवा ब्लीचही तेच करते. निरोगी पेशींना फारसा अपाय न होता, रक्तात गाठता येईल अशा प्रमाणात कर्कपेशी मरतात का, हा खरा प्रश्न आहे. कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, रक्तद्रव नसलेल्या आणि शरीराइतक्या पीएचच्या द्रावणात अर्ध्या तासात त्याचा बहुतांश भाग विघटित होतो, आणि काही ग्रॅम तोंडावाटे घेऊनही रक्तात ते अत्यल्प सापडते. डिशमध्ये वापरलेली मायक्रोमोलरमधली तीव्रता आणि शरीरात प्रत्यक्ष मिळणारी तीव्रता यांच्यात म्हणूनच मोठी दरी राहते.

दुसरी गोष्ट मोजणीची आहे. बहुतेक प्रकल्पांत एमटीटी चाचणी वापरतात. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात आणि रंगाच्या गडदपणावरून पेशी किती जिवंत आहेत ते काढतात. वास्तविक ही चाचणी पेशींची चयापचय-क्रिया मोजते. पेशी मेल्या, की नुसत्या मंदावल्या, की कमी वेळा विभागल्या, हे तिच्यावरून कळत नाही. त्यातच वनस्पतींतील कित्येक पॉलिफेनॉल स्वतःच एमटीटीचे क्षपण करतात, कर्क्युमिनसारखे पदार्थ स्वतः रंगीत असतात, आणि काही पॉलिफेनॉल माध्यमातच ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात; मग पेशी मरतात त्या पेरॉक्साइडने, आणि श्रेय जाते अर्काला. म्हणून पेशी नसलेल्या माध्यमात अर्क घालून केलेले नियंत्रण, पेरॉक्साइड नष्ट करणारे कॅटालेज घालून केलेले नियंत्रण आणि पेशींची प्रत्यक्ष मोजणी यांच्याशिवाय असा निष्कर्ष प्रसिद्ध करू नये.

वनस्पतींपासून कर्करोगाची औषधे मिळतच नाहीत असा याचा अर्थ मुळीच नाही. सदाफुलीपासून मिळालेली व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन आजही वापरात आहेत. पण त्यांतील रेणू वेगळे केले गेले, त्यांची क्रिया समजली, मात्रा ठरल्या आणि रुग्णांवर चाचण्या झाल्या. कोणत्याही रुग्णाने डिशमधल्या निष्कर्षावर विसंबून चालू उपचार थांबवू नयेत.

७. तुलनेसाठी ‘निरोगी पेशी’ म्हणून एचईके-२९३ वापरली तर चालते का?

नाही, तरीही अनेक प्रबंधांत ती तशी वापरलेली दिसते. ती मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींपासून १९७३ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे तयार झाली हे खरे, पण त्यासाठी अ‍ॅडिनोव्हायरसचा डीएनए पेशींत घालून त्यांना अमर केले होते. त्यांची गुणसूत्रसंख्याही सामान्य नाही. तुलनेसाठी त्याच अवयवाच्या, मर्यादित आयुष्याच्या प्राथमिक (थेट ऊतकातून काढलेल्या) पेशी घेणे योग्य. त्या महाग आणि नाजूक असतात, हे मान्य करूनही.

८. ओळखीच्या प्रयोगशाळेतून सेल लाइन आणली आहे. थेट वापरली तर चालेल का?

आधी दोन गोष्टी तपासाव्यात : पेशी खरोखर त्याच आहेत का, आणि त्यांत मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू नाही ना (प्रश्न ९).

पेशींची अदलाबदल ही जुनी आणि अजूनही न संपलेली व्याधी आहे. स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या ऊतकांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हीलाच होत्या. वेगाने वाढणाऱ्या हीलाचा एखादा थेंब चुकून मिसळला तरी काही पॅसेजनंतर मूळ पेशी उरत नाहीत. यकृताच्या म्हणून वापरलेली चँग लिव्हर, तोंडाच्या कर्करोगाची म्हणून वापरलेली केबी आणि स्वरयंत्राची म्हणून वापरलेली एचईपी-२ या तिन्ही हीलाच ठरल्या. स्तनाच्या कर्करोगाची म्हणून असंख्य शोधनिबंधांत आलेली एमडीए-एमबी-४३५ तर त्वचेच्या मेलॅनोमाची निघाली. मानवी पेशींची ओळख एसटीआर चाचणीने पटवतात. गुन्हे-तपासातील डीएनए ओळखीचेच हे तंत्र आहे. चुकीच्या ओळखीच्या सेल लाइनची आंतरराष्ट्रीय सूची खुली आहे, काम सुरू करण्यापूर्वी ती पाहावी.

येथे दोन अपवाद लक्षात ठेवावेत. मानवी एसटीआर संच लहान वा मोठ्या उंदरांच्या (माउस, रॅट) पेशींना लागू पडत नाही, त्यांना त्या त्या प्रजातीची चाचणी लागते. प्रश्न ११ मधील पीसी-१२ ही अशीच लाइन आहे. दुसरा अपवाद यू-८७ एमजी या मेंदूच्या अर्बुदाच्या लाइनचा. स्वीडनमधील उप्साला येथे १९६० च्या दशकात ती सुरू झाली, पण पेशींच्या मोठ्या पेढीतून (सेल बँकेतून) जगभर वाटली गेलेली लाइन त्या मूळ रुग्णाच्या अर्बुदाशी जुळत नाही हे २०१६ मध्ये उघड झाले. ती बहुधा दुसऱ्याच कोणाच्या ग्लिओब्लास्टोमाची आहे. म्हणजे रोग तोच, रुग्ण वेगळा; अशा वेळी जुने निष्कर्ष सरसकट रद्द होत नाहीत, पण मूळ रुग्णाशी जोडलेले विधान मात्र टिकत नाही.

९. माध्यमात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नेहमी घालतो, तरीही मायकोप्लाझ्माची भीती का?

मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. आकाराने तो इतका लहान आणि लवचीक असतो की ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो. तो माध्यम गढूळ करत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, पण पेशींचे पोषण पळवतो, जनुकांची अभिव्यक्ती बदलतो आणि एमटीटीसारख्या चाचण्याही बिघडवतो. पीसीआर किंवा डीएनएला चिकटणाऱ्या प्रकाशमान रंगाने तो सापडतो. ही तपासणी ठरावीक काळाने करत राहावी, आणि रोजच्या माध्यमातील प्रतिजैविक शक्यतो बंदच ठेवावे, कारण ते सौम्य संसर्ग झाकून ठेवते आणि हाताळणीतील शिथिलता कळू देत नाही.

१०. मेंदूसदृश इलेक्ट्रॉनिक पदार्थ म्हणजे काय? साध्या चिपपेक्षा त्यांत वेगळे काय?

नेहमीच्या संगणकात माहिती साठवणारा भाग आणि गणित करणारा भाग वेगळे असतात, आणि दोहोंमध्ये माहिती ने-आण करण्यात पुष्कळ ऊर्जा जाते. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असून तो साधारण २० वॉटवर चालतो, आणि त्यात साठवण व प्रक्रिया एकाच ठिकाणी, चेतापेशींमधील जोडांवर म्हणजे सिनॅप्सवर होते. कॅलटेकमधील कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकात या धर्तीच्या परिपथांची कल्पना पुढे आणली.

अशा परिपथासाठी आपला पूर्वेतिहास ‘लक्षात ठेवणारा’ घटक हवा, म्हणजे किती विद्युत्‌भार वाहून गेला त्यानुसार ज्याची संवाहकता बदलते आणि बदललेली राहते असा. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये त्याची सैद्धांतिक मांडणी करून मेमरिस्टर हे नाव दिले, आणि २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात तो दाखवल्याचे जाहीर केले. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गटाने २०२४ मध्ये रेण्वीय पटलाचा असा घटक प्रसिद्ध केला, ज्यात संवाहकतेच्या सुमारे १६,५०० वेगवेगळ्या पायऱ्या साठवता येतात.

पेशींबरोबर काम करायचे असेल तर मात्र कोरडे ऑक्साइड फारसे उपयोगी पडत नाहीत. तेथे पेडॉट:पीएसएस हे संवाहक पॉलिमर वापरतात. ते पाण्यात फुगते, मऊ असते, आणि क्षारयुक्त द्रवातील आयन त्याच्या केवळ पृष्ठभागावर न थांबता संपूर्ण जाडीत शिरतात. आयन आत-बाहेर झाले की पॉलिमरची संवाहकता बदलते. पेशी आयनांच्या भाषेत बोलतात आणि परिपथ इलेक्ट्रॉनांच्या भाषेत. हा पदार्थ दोघांमध्ये दुभाष्याचे काम करतो. शिवाय तो एका व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालतो, हे महत्त्वाचे, कारण १.२३ व्होल्टच्या वर पाण्याचे विघटन शक्य होते आणि पेशींच्या आसपासचा पीएच बिघडतो.

११. पेशी आणि असे उपकरण प्रत्यक्ष जोडले गेले आहे का?

होय. स्टॅनफर्ड, नेपल्स आणि आइंडहोवन येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने पायाभूत मानावा लागेल. त्यांनी पीसी-१२ या पेशी पेडॉट:पीएसएसच्या विद्युतअग्रावर (इलेक्ट्रोडवर) वाढवल्या. ही लाइन मोठ्या उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या अर्बुदापासून लॉइड ग्रीन आणि आर्थर टिश्लर यांनी १९७६ मध्ये तयार केली, आणि तिच्या पेशी डोपामिन हा चेतासंदेशक तयार करून साठवतात व सोडतात.

पेशींनी डोपामिन सोडले की विद्युतअग्रावर त्याचे ऑक्सिडीकरण होते, त्यातून भार मिळतो, आणि त्या भारामुळे शेजारच्या पॉलिमर-मार्गिकेची संवाहकता बदलते. डोपामिन निघून गेल्यावरही हा बदल टिकून राहतो. सूक्ष्म नळीतून वाहणारा द्रव उरलेले डोपामिन वाहून नेतो. खऱ्या सिनॅप्समध्ये ते पुन्हा शोषून घेण्याची जी व्यवस्था असते, तिची जागा येथे हा प्रवाह घेतो. म्हणजे सिनॅप्सची अलीकडची बाजू जिवंत पेशीची, पलीकडची पॉलिमरची, आणि दोघांमधला निरोप खऱ्या चेतासंदेशकाचा. पेशीसंवर्धन, कर्करोगजीवशास्त्र आणि मेंदूसदृश पदार्थ ही तीन क्षेत्रे एका टेबलावर का येतात याचे याहून स्वच्छ उदाहरण देता येणार नाही.

१२. पीसी-१२ तर अर्बुदाच्या पेशी आहेत. त्यांना चेतापेशी कसे म्हणता येईल?

काटेकोरपणे म्हणता येणार नाही. चेतावर्धक घटक, म्हणजे एनजीएफ, दिल्यावर पीसी-१२ विभागणे थांबवतात आणि त्यांना काही दिवसांत चेतातंतूंसारखे लांब फाटे फुटतात. पण एनजीएफ काढून घेतल्यास फाटे नाहीसे होतात आणि पेशी पुन्हा विभागू लागतात. आपापसांत खरे सिनॅप्स त्या सहसा जोडत नाहीत. डोपामिन सोडणाऱ्या पेशीचे सोपे प्रतिरूप म्हणून त्या उत्तम आहेत, मेंदूच्या जाळ्याचे प्रतिरूप म्हणून नाहीत. साध्या प्लॅस्टिकला त्या नीट चिकटत नसल्याने कोलॅजेन किंवा पॉलिलायसिनचा लेप द्यावा लागतो, आणि चिकटणारा व तरंगणारा असे तिचे वेगवेगळे प्रकार पेढ्यांत मिळत असल्यामुळे कोणता वापरला ते नोंदवणे आवश्यक आहे.

‘अमुक कालांतराने आलेल्या दोन संकेतांनी जोड बळकट होतो’ हा जो नियम मेमरिस्टरवर वारंवार दाखवला जातो, तो १९९८ मध्ये ग्वो-च्यांग बी आणि मू-मिंग पू यांनी डिशमध्ये वाढवलेल्या, मेंदूच्या हिपोकॅम्पस या भागातील खऱ्या चेतापेशींवर मोजला होता. तसा दावा करायचा असेल तर अशाच प्राथमिक पेशी किंवा मूलपेशींपासून घडवलेल्या चेतापेशी घ्याव्यात.

१३. पॉलिमर पेशींना अपायकारक नाही हे कसे ठरवावे? आणि मोजणी इन्क्युबेटरबाहेर केली तर काय बिघडते?

वैद्यकीय साहित्यासाठीच्या आयएसओ १०९९३-५ या मानकात उंदराच्या एल-९२९ पेशी वापरता येतात, आणि पेशींची जीवनक्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर पदार्थ पेशीघातक धरतात. पण प्रश्न ६ मधील एमटीटीची अडचण येथे अधिक तीव्र होते : कार्बन नॅनोट्यूबसारखे पदार्थ फॉर्मझानला धरून ठेवतात आणि आकडे बदलतात, तर निळसर पॉलिमर प्रकाशशोषणात भर घालतो. म्हणून पदार्थासह पण पेशींविना एक नियंत्रण आणि जिवंत-मृत पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली मोजणी ही दोन्ही करावीत. पेडॉट:पीएसएसमधील पीएसएस हा घटक आम्लधर्मी असल्यामुळे पटल पेशी टाकण्यापूर्वी पाण्यात भिजवून धुणे अत्यावश्यक आहे. ते टाळल्याने मेलेल्या पेशींचा दोष पेडॉटवर टाकला जातो.

उपकरण बाहेरच्या टेबलावर आणले की काही वेळातच माध्यमाचा पीएच चढतो (प्रश्न २), तापमान उतरते आणि बाष्पीभवनाने क्षारांची तीव्रता वाढते. या तिन्हींमुळे आयनांवर चालणाऱ्या पॉलिमरची संवाहकता बदलते, पेशींनी काहीही केले नसले तरी. अल्पकाळच्या मोजणीसाठी हेपीज (कार्बन डायऑक्साइडविना पीएच टिकवणारा पदार्थ) असलेले माध्यम आणि तापवलेला मंच वापरावा. इन्क्युबेटरच्या आत मोजायचे तर दमट हवेत जोडण्या गंजतात, तेव्हा संपर्काच्या जागा बंदिस्त कराव्या लागतात.

१४. चिपवर वाढवलेल्या पेशींनी व्हिडिओ गेम खेळल्याची बातमी होती. ते हेच का?

नाही. मेलबर्नच्या कॉर्टिकल लॅब्सने २०२२ मध्ये सुमारे ८ लाख चेतापेशी धातूच्या विद्युतअग्रांच्या जाळीवर वाढवून त्यांना पाँग या खेळाचे संकेत दिले होते. तेथे बदल जिवंत पेशींच्या जाळ्यात झाला, जाळी केवळ ऐकण्या-सांगण्याचे काम करत होती. प्रश्न ११ मधील प्रयोगात स्मृती पॉलिमरमध्ये साठते. कॉर्टिकल लॅब्सच्या निबंधात पेशींना ‘संवेदनाक्षम’ म्हटल्यावर अनेक चेतावैज्ञानिकांनी आक्षेप घेतला, आणि तो योग्यच होता; काही लाख पेशींचा प्रतिसाद सुधारणे आणि जाणीव असणे यांत फार अंतर आहे.

१५. या सगळ्याचा कर्करोगाच्या रुग्णाला काही उपयोग आहे का?

मेंदूसदृश पदार्थांचा आज उपचारात उपयोग नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. संशोधनात मात्र दोन वाटा खऱ्या आहेत. पहिली मोजणीची : इव्हार गिएव्हर आणि चार्ल्स कीज यांनी १९८० च्या दशकात दाखवले की सोन्याच्या विद्युतअग्रावर पेशी पसरल्या की विद्युत्‌-अवरोध वाढतो आणि त्यावरून त्यांची वाढ व हालचाल रंग न वापरता सतत नोंदता येते, औषध दिल्यावर पेशी केव्हा सैल पडतात हे यातून कळते, आणि एमटीटीच्या एका क्षणाच्या आकड्यापेक्षा ते कितीतरी अधिक बोलके असते.

दुसरी वाट मेंदूच्या अर्बुदांची. २०१९ मध्ये मिशेल मॉन्जे आणि फ्रँक विंकलर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की ग्लिओमाच्या पेशी निरोगी चेतापेशींशी सिनॅप्स जोडतात आणि त्या विद्युत्‌संकेतांवर वाढतात. संबंधित ग्राहीला अडवणाऱ्या अपस्मारावरील औषधाने उंदरांमधील वाढ मंदावली. पेशींचा विद्युत्‌संवाद मऊ पदार्थांवर मोजण्याची गरज येथे थेट रोगाशी जोडली जाते.

पेशीसंवर्धन रुग्णापर्यंत पोहोचल्याचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्याकडेच आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांत जनुकीय बदल करून, वाढवून पुन्हा दिल्या जातात.

१६. महाराष्ट्रात हे काम कोठे चालते? परवानग्या कोणत्या लागतात?

पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात सेल लाइनची राष्ट्रीय पेढी आहे आणि तेथून संस्थांना ओळख तपासलेल्या पेशी मिळतात. खारघरचे अ‍ॅक्ट्रेक कर्करोगाच्या मूलभूत संशोधनाचे केंद्र आहे. या परंपरेच्या मुळाशी पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचे काम आहे. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी हीला जिथे वाढल्या त्या जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत तंत्र शिकून घेतले, आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

जनुकीय बदल करायचे असल्यास संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, रुग्णांचे नमुने घ्यायचे असल्यास नीतिविषयक समितीची आणि प्राण्यांपासून प्राथमिक पेशी काढायच्या असल्यास प्राणी-नीतिविषयक समितीची परवानगी काम सुरू होण्यापूर्वी लागते. पेढीतून घेतलेल्या सेल लाइनवर साधे काम करायला रुग्ण-संमती पुन्हा घ्यावी लागत नाही, परंतु पेढीच्या अटी पाळाव्या लागतात, आणि त्या पेशी पुढे इतरांना वाटणे बहुधा त्या अटींत बसत नाही.

१७. पेशींच्या सान्निध्यात उपकरणाची संवाहकता बदलली. पेशींनीच ती बदलली असे केव्हा म्हणता येईल?

डोपामिन वापरणाऱ्या प्रयोगांत हा प्रश्न सर्वांत कठीण आहे. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि युरिक आम्ल यांचे ऑक्सिडीकरण डोपामिनच्या जवळपासच्या विभवालाच होते. डोपामिन स्वतः तटस्थ पीएचला हवेतील ऑक्सिजनमुळे बिघडते आणि त्यातून पेरॉक्साइड तयार होते. रक्तद्रवातील प्रथिने विद्युतअग्रावर थर साचवतात, आणि पॉलिमरची संवाहकता पेशी नसतानाही कालांतराने सरकत असते.

म्हणून किमान चार तुलना एकत्र लागतात : पेशींविना त्याच माध्यमातील उपकरण, डोपामिन न सोडणाऱ्या पेशींसह उपकरण, पोटॅशियमची तीव्रता वाढवून डोपामिन सोडायला भाग पाडलेल्या पीसी-१२ व त्यांच्या जोडीला माध्यमातून कॅल्शियम काढून घेतल्यामुळे ते सोडू न शकणाऱ्या पीसी-१२, आणि बाहेरून ज्ञात तीव्रतेचे डोपामिन घालून मिळालेला प्रतिसाद. यांतील पोटॅशियमची तुलना विशेष जपून करावी, कारण वाढवलेले पोटॅशियम पॉलिमरवर थेट परिणाम करते. पेशी नसलेल्या उपकरणालाही तेवढेच पोटॅशियम देऊन तो परिणाम वजा करावा लागतो. कॅल्शियम काढल्यावर बदल थांबला आणि परत दिल्यावर पुन्हा दिसला, तर तो पेशींच्या स्रावातून आला असे म्हणण्यास आधार मिळतो. त्यापूर्वी ‘पेशींनी उपकरणाला शिकवले’ असे शीर्षक निबंधाला देऊ नये.